एक फूट खोल नाणं शोधायचं तर: घरगुती मेटल डिटेक्टरबद्दल

कांदिवलीहून इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, व्हिडिओ बघून ५५५ आयसीचा मेटल डिटेक्टर केला. घरात लादीवर धरला की सतत वाजतो, आणि नाणं दोन सेंटीमीटरवर आणलं तरच बोलतो. एक फूट खोलवरचं नाणं सापडेल असं सर्किट सांगा. गावी किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे, तिथेही न्यायचा आहे."

मी बावीस वर्षं बिस्किटांच्या आणि औषधांच्या कारखान्यांतले कन्व्हेयरवरचे मेटल डिटेक्टर बसवले आणि दुरुस्त केले, आणि घरी छंद म्हणून त्याहून जास्त डिटेक्टर बांधले. सर्किट सांगतोच, पण आधी तुझ्या प्रश्नातला "सर्किट" हा शब्द बाजूला ठेवूया. डिटेक्टरची खोलवर पकडण्याची ताकद सर्किटपेक्षा कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेढ्यांत, आणि आजूबाजूच्या शांततेत असते. हे पटलं नाही तर तू दहा सर्किटं जोडशील आणि दहाही दोन सेंटीमीटरवरच बोलतील.

आधी लादीचं. तू ज्या इमारतीत राहतोस तिचा स्लॅब आरसीसीचा आहे. लादीच्या खाली, सिमेंटच्या काही इंच आत, सळ्यांची जाळी आडवी-उभी पसरलेली आहे. म्हणजे तुझा डिटेक्टर चुकत नाही, तो खरं सांगतोय. मुंबईत फ्लॅटमध्ये बसून कॉइल जमिनीकडे तोंड करून तपासताच येत नाही. भिंतीतही कॉलम-बीमच्या सळ्या, वायरिंगचे पाइप, खिडकीच्या ग्रिल. घरातल्या चाचणीसाठी मी लाकडी टेबल खोलीच्या मधोमध ओढतो, कॉइल त्यावर उभी ठेवतो, थाळीसारखी आडवी नाही, आणि नाणं प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवून कॉइलच्या समोरून हलवतो. कॉइल हलवायची नाही, नाणं हलवायचं. सळ्या कितीही असोत, त्या हलत नाहीत, म्हणून त्यांचा परिणाम स्थिर राहतो आणि तेवढा शून्याला लावून टाकता येतो.

हाच फटका फार मोठ्या माणसाला बसला होता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेले. यंत्र चालत होतं, आधी तपासलेलं होतं. पण रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारांचं जाळं होतं, आणि डॉक्टरांनी शोधायला दिली ती उजवी बाजू, गोळी निघाली डावीकडे. तुझ्या लादीची गोष्ट आणि बेलच्या पलंगाची गोष्ट एकच आहे. आजूबाजूचं लोखंड आधी मोजायचं, मग यंत्राला दोष द्यायचा.

आता दोन सेंटीमीटरचं. त्या ५५५ टायमर आयसीच्या सर्किटात कॉइल हा दोलकाचा, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा सिग्नल काढणाऱ्या ऑसिलेटरचा, भाग असतो. धातू जवळ आला की कॉइलचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा तिचा गुण) जरासं बदलतं आणि स्पीकरमधला सूर बदलतो. "जरासं" म्हणजे किती, ते समजून घे. नाणं थोडं दूर असेल तर बदल लाखात एक भाग इतका असतो. ८०० हर्ट्झच्या सुरात लाखातला एखादा भाग बदलला तर तुझ्या-माझ्या कानाला काहीच कळणार नाही, गवयाच्या कानालाही नाही. त्यात ५५५ स्वतः तापमानाने सरकतो तेच त्याहून जास्त.

आणि एक फुटाचं गणित तर डोळे उघडणारं आहे. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दूर जाता-जाता झपाट्याने कमी होतं. ते नाण्यापर्यंत पोचतं, नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरवतं, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र परत कॉइलकडे येतं, आणि परतीच्या वाटेवर तितकंच पुन्हा कमी होतं. जाताना घट, येताना घट. कॉइलच्या त्रिज्येपेक्षा बरंच दूर गेलं की अंतर दुप्पट केल्यावर सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. माझी नेहमीची कॉइल २६ सेंटीमीटर व्यासाची आहे. तिच्या अक्षावर ५ सेंटीमीटरवरच्या नाण्याचा सिग्नल १ धरला, तर १५ सेंटीमीटरवर तो साधारण आठवा हिस्सा होतो, आणि ३० सेंटीमीटरवर जवळजवळ १६५ वा. १५ वरून ३० ला जायला सिग्नल वीसपट लागतो. बॅटरी १२ व्होल्टची २४ केलीस तर मिळतो फक्त दुप्पट. म्हणून "जास्त पॉवर द्या, खोल जाईल" हे ऐकलंस तर सोडून दे.

मग कॉइल दुप्पट मोठी करायची का? मोठ्या कॉइलचं क्षेत्र लांब पोचतं, पण जवळ विरळ होतं. मीटरभराची कॉइल पिंप शोधेल, नाण्याकडे बघणारही नाही. आणि मोठी कॉइल म्हणजे मोठी अँटेना, शहराचा सगळा गोंगाट ओढून घेणारी. नाण्यासाठी २० ते २८ सेंटीमीटर, यात राहा.

तर कॉइल. २६ सेंटीमीटर व्यास, ०.५ मिलीमीटरची इनॅमलची तांब्याची तार, म्हणजे २५ गेज, २५ वेढे. तार लागते साधारण साडेवीस मीटर, वजन ४० ग्रॅमच्या आत. इंडक्टन्स येतं ४०० मायक्रोहेन्रीच्या थोडं वर, रेझिस्टन्स पावणेदोन ओहमच्या आसपास. एवढ्याशा तारेसाठी बाजारात जायची गरज नाही. जवळच्या पंखे-मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जा, पन्नास ग्रॅम मागितलीस तर रिळावरून काढून तोलून देईल. वळायला योग्य मापाचा प्लास्टिकचा गोल डबा किंवा टब घे. वेढे शेजारी-शेजारी मांडत बसू नकोस, गुच्छ करून वळ, मग डब्यावरून काढून दोऱ्याने दर दोन सेंटीमीटरवर घट्ट बांध आणि वरून टेप. टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने नीट खरवडल्याशिवाय सोल्डर धरणार नाही. वरून तार चकचकीत दिसते, पण आत जोड कोरडा राहतो, आणि त्या एका जोडापायी मुलं आठवडाभर आयसी बदलत बसलेली मी पाहिली आहेत.

मग ती कॉइल प्लायवूडच्या किंवा जाड फोम-बोर्डच्या चकतीत एपॉक्सीने बसव. एकही लोखंडी स्क्रू नको, खिळा नको. दांडा पीव्हीसी पाइपचा. वेढे आपसात हलता कामा नयेत. हाताने दाबल्यावर आवाज बदलत असेल तर चालताना तो डिटेक्टर गवताच्या पात्याला लागूनही ओरडेल. आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा टेपमधून आत शिरतो, म्हणून एपॉक्सीत कंजूषी नको.

कॉइल एकच, पण तिच्यावर दोन यंत्रं बांध. पहिलं शिकण्यासाठी, दुसरं कामासाठी.

पहिल्याला बीएफओ, म्हणजे बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर, म्हणतात. दोन दोलकांच्या वारंवारता जवळजवळ सारख्या ठेवायच्या आणि त्यांच्यातला फरक ऐकायचा. लाखात एक भाग इंडक्टन्स बदललं की वारंवारता त्याच्या निम्म्याने बदलते. ५५८ किलोहर्ट्झवर हा बदल जेमतेम ३ हर्ट्झ. पण फरकाचा सूर आधीच ३० हर्ट्झवर आणून ठेवला असेल, तर ३० चे ३३ झालेले कान सहज पकडतो. स्पीकरमधली टकटक लगबगीने येऊ लागते.

५५८ हा आकडा मी मुद्दाम घेतला. आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झवर आहे. केंद्राची वारंवारता क्रिस्टलवर बांधलेली असते, तुझ्या हातून होणाऱ्या कुठल्याही दोलकापेक्षा कितीतरी स्थिर. मग दुसरा दोलक बांधायचाच कशाला? कॉइलचा दोलक १८६ किलोहर्ट्झवर लाव. त्याची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारता, बरोबर ५५८ वर पडते. मीडियम वेव्ह असलेला छोटा रेडिओ दांड्यावर बांध, अस्मिता लाव, आणि गाण्याच्या मागे शिट्टी ऐकू येईल. कॉइलजवळ डबा नेलास की शिट्टीचा सूर सरकतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शिट्टीपेक्षा गाणंच जास्त ऐकत बसलो होतो. तुझ्याकडे दुसरं केंद्र जोरात लागत असेल तर त्याच्या वारंवारतेला तीनने भाग आणि तिथे दोलक आण. फक्त रेडिओ घेताना मीडियम वेव्ह आहे का ते बघ, हल्ली बरेच फक्त एफएमचे असतात.

दोलक एका बीसी ५४७ ट्रान्झिस्टरवर होतो; कलेक्टर, बेस, एमिटर हे त्याचे तीन पाय. कॉइल कलेक्टर आणि प्लसच्या मध्ये. कॉइलला समांतर ३.३ नॅनोफॅरडचे दोन कंडेन्सर एकामागे एक, त्यांचा मधला बिंदू एमिटरला. एमिटरपासून मायनसला २.२ किलोओहम. बेसला दोन रेझिस्टरनी पुरवठ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं व्होल्टेज, आणि बेसपासून मायनसला १० नॅनोफॅरड. मालिकेतले दोन ३.३ म्हणजे १.६५ नॅनोफॅरड, त्यात कॉइलची आणि केबलची शंभरेक पिकोफॅरड धरली की ४१८ मायक्रोहेन्रीबरोबर १८६ किलोहर्ट्झच्या अगदी जवळ येतं. उरलेलं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरने, म्हणजे स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरने, जुळव. कंडेन्सर साधे पिवळे डिस्क सिरॅमिक घेऊ नकोस, ऊन लागलं की सूर वाहून जातो. एनपीओ किंवा पॉलिप्रॉपिलीन माग, ते तापमानाने फारसे बदलत नाहीत. रेडिओ कॉइलपासून अर्धा मीटर तरी लांब आणि पक्का बांधलेला हवा, कारण त्याच्या आतला फेराइट रॉड आणि स्पीकरचा चुंबक हेही लोखंडच.

या यंत्राने कॉइलभोवती ॲल्युमिनियम फॉइलचं आवरणही शिकून घे. हात किंवा ओलं गवत जवळ आलं तरी सूर बदलतो, तो धातूमुळे नाही, कपॅसिटन्समुळे. फॉइल गुंडाळून मायनसला जोडली की ते थांबतं. पण फॉइलचं वर्तुळ पूर्ण करायचं नाही, सेंटीमीटरभर फट ठेवायची. फट नसेल तर फॉइल स्वतःच शॉर्ट झालेला वेढा बनते आणि कॉइल गुदमरते.

बीएफओवर पाच रुपयांचं पितळी नाणं ८ ते १० सेंटीमीटरवर मिळालं तर समाधान मान. सूर कोणत्या दिशेला सरकतो त्यावरून लोखंड की पितळ हेही थोडंफार कळतं: लोखंडाने इंडक्टन्स वाढतं आणि वारंवारता उतरते, पितळ-तांब्याने उलट. "थोडंफार" म्हणालो, कारण सोडा बाटलीचं चपटं बूच लोखंडाचं असूनही या वारंवारतेला पितळासारखं वागतं. एक रुपयाच्या हल्लीच्या नाण्याला चुंबक लावून बघ, चिकटेल. ते क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचं आहे. चाचणीला एक रुपया नको, पाच रुपयांचं पितळी नाणंच ठेव, नाहीतर आज एक निकाल आणि उद्या दुसरा.

आता खरं काम करणारं यंत्र, पल्स इंडक्शन. याचं तत्त्व मला आजही सुंदर वाटतं. कॉइलमध्ये थोडा वेळ जोरात प्रवाह सोडायचा आणि एकदम तोडायचा. क्षेत्र कोसळतं, त्या धक्क्याने जवळच्या धातूत भोवरी प्रवाह सुरू होतात, आणि कॉइल शांत झाल्यावरही ते क्षणभर फिरत राहतात. आपण कॉइल शांत होण्याची वाट बघायची आणि मग कान लावायचा. धातू नसेल तर शांतता, असेल तर विरत जाणाऱ्या सिग्नलची शेपटी. घंटा वाजवून तिचा घुमार ऐकण्यासारखं आहे हे. ओरडणं आणि ऐकणं वेगवेगळ्या वेळी होतं, म्हणून स्वतःच्या ओरडण्यात ऐकणं बुडत नाही.

तुझा ५५५ इथे कामाला येतो. १२ व्होल्टवर तो आयआरएफ ७४० या मॉसफेटचं (इलेक्ट्रॉनिक खटक्याचं) गेट थेट चालवू शकतो. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचे ५ व्होल्ट या मॉसफेटला पुरत नाहीत, तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ५५५ च्या नेहमीच्या दोन रेझिस्टरांपैकी वरच्या जागी २.२ किलोओहम, खालच्या जागी २२ किलोओहम, टायमिंगला ०.१ मायक्रोफॅरड, आणि खालच्या रेझिस्टरवर समांतर एक १एन ४१४८ डायोड, म्हणजे चार्जिंग डायोडमधून होईल. साधारण १५० मायक्रोसेकंदांचा पल्स, सेकंदाला सहाशेच्या आसपास वेळा. त्या २२ किलोच्या जागी १५ किलो आणि १० किलोचा प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) एकामागे एक लाव, का ते पुढे सांगतो.

१५० मायक्रोसेकंदांत कॉइलमधला प्रवाह पावणेतीन अँपिअरच्या आसपास चढतो. तोडल्यावर कॉइलवर ४०० व्होल्टचा टोकदार धक्का येतो, मॉसफेट तिथे तो अडवतो. हे ४०० व्होल्ट क्षणभराचे असले तरी बोट लावायचं नाही. आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर हे यंत्र त्यांच्यापासून लांब ठेवायचं, यात हयगय नको.

बॅटरीच्या तारेत, मोठ्या कंडेन्सरच्या आधी, १ अँपिअरचा फ्यूज टाक. माझ्या पहिल्या पल्स डिटेक्टरमध्ये तो नव्हता. ब्रेडबोर्डवरचा २.२ किलोचा एक पाय सैल झाला, ५५५ चं आउटपुट वरच अडकलं, मॉसफेट उघडा राहिला आणि कॉइलमधून सलग पाच अँपिअर वाहिले. मी चहा घेऊन परत आलो तेव्हा टेप वितळून टेबलाला चिकटली होती. तेव्हापासून पल्सचा भाग मी ब्रेडबोर्डवर ठेवतच नाही, थेट झिरो पीसीबीवर सोल्डर मारतो.

कॉइलला समांतर जो रेझिस्टर लागतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. धक्क्यानंतर कॉइल आणि तिची स्वतःची कपॅसिटन्स मिळून घंटेसारखी थरथरत राहतात. रेझिस्टर मोठा असेल तर थरथर लांबते, लहान असेल तर शांत व्हायला उगाच वेळ लागतो. दोन्हींत नाण्याची छोटी शेपटी झाकली जाते. योग्य किंमत बहुधा ४७० ओहम ते १ किलोओहम यांच्यात कुठेतरी, तुझ्या कॉइल-केबलवर ठरणारी. कॉलेजच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप यासाठीच आहे. पुढे सांगतो त्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर प्रोब लाव, वेगवेगळे रेझिस्टर लावून बघ, आणि रेषा एकदाही उलट बाजूला न जाता सगळ्यात लवकर शून्याला बसेल ती किंमत पक्की कर. रेझिस्टर २ वॅटचा, आणि वायरवाउंड नको, तो स्वतःच कॉइल असतो. केबल लांब घेतलीस की कपॅसिटन्स वाढते आणि हे सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून केबल आधी ठरव, मग रेझिस्टर.

पुढे १ किलोओहममधून, उलट-सुलट जोडलेल्या दोन १एन ४१४८ वर धक्का छाटून, सिग्नल एनई ५५३४ या ॲम्प्लिफायर आयसीला. १ मेगओहमचा फीडबॅक, म्हणजे हजारपट वाढ. त्याला प्लस आणि मायनस दोन्ही ५ व्होल्ट लागतात, मायनस आयसीएल ७६६० या आयसीमधून काढ. मग सीडी ४०६६ या खटक्यांच्या आयसीचा एक खटका: पल्स संपल्यावर १५ मायक्रोसेकंद थांबायचं, २० मायक्रोसेकंद खटका चालू ठेवायचा, आणि आलेलं इंटिग्रेटरवर साठवायचं. ही वेळ सीडी ४५३८ या टायमर आयसीच्या दोन अर्ध्यांनी मिळते. शेकडो पल्सची सरासरी निघते, गोंगाट आपापसात खोडला जातो आणि नाण्याची शेपटी साठत जाते. वाढीव खोली इथून मिळते, बॅटरीतून नाही.

दुसरा खटका विसरू नकोस. शंभरेक मायक्रोसेकंदांनी, म्हणजे नाण्याची शेपटी बहुतेक संपल्यावर, पुन्हा तितकाच वेळ ऐकायचं आणि पहिल्यातून वजा करायचं. कॉइल हलवताना पृथ्वीचं क्षेत्र तिच्यात हळूहळू बदलणारं व्होल्टेज निर्माण करतं, विजेच्या तारांचे ५० हर्ट्झही असतात. दोन्ही नमुन्यांत ते सारखेच येतात, म्हणून वजाबाकीत जातात. बाहेर पडतो तो सिग्नल आर्डुइनो नॅनोच्या ॲनालॉग पिनला देऊन आवाज कसा काढायचा हे तुझ्या पिढीला मी शिकवायला नको.

आणि तो प्रीसेट. पल्सचा वेग नेमका ६०० असेल तर तो ५० चा पट होतो, मग विजेची घरघर वजाबाकीतूनही थोडी निसटते आणि आवाज हळूहळू वर-खाली झुलू लागतो. प्रीसेट जरा फिरवला की झुलणं थांबतं. मुंबईत ही गोष्ट पुस्तकापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. गिरगाव चौपाटीवर चर्नी रोड स्टेशनच्या बाजूला उभा राहून मी चाचणी घेतली होती. लोकलच्या ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ. गाडी सुटताना स्पीकरमध्ये घरघर चढायची आणि ३-४ सेंटीमीटर खोली हातची जायची. पाण्याच्या कडेला गेलो की परत यायची. तुझ्या घरात ट्यूबलाइटचा चोक, चार्जर, एलईडी दिवा हे सगळे असेच बोलतात. चाचणी घेताना खोलीतले खटके बंद कर.

सुटे भाग अर्थात लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं दिसेल. आयआरएफ ७४० दोन वेगळ्या दुकानांतून एकेक घे. जुना भाग घासून वर नवा नंबर छापलेले मॉसफेट मला मिळालेले आहेत, ते ४०० च्या बरेच खाली फुटतात आणि माणूस सर्किटमध्ये चूक शोधत राहतो.

नीट जुळलेल्या या यंत्रावर पाचचं पितळी नाणं हवेत २० सेंटीमीटरच्या आसपास मिळतं. पातेल्याचं झाकण अर्धा मीटर. एक फुटावरचं नाणं सुरुवातीला मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. शांत मोकळ्या जागी, रेझिस्टर आणि वेळ पुन्हा-पुन्हा घासून, ते एक-एक सेंटीमीटरने जवळ येतं. माझा एक डिटेक्टर २७ ला पोचला, त्याला दोन उन्हाळे लागले.

समुद्रकिनाऱ्यावर पल्सची खरी किंमत कळते. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून बीएफओ ओल्या वाळूवर वेडावतो. खाऱ्या पाण्यातले प्रवाह १५ मायक्रोसेकंदांच्या आत मरतात, पल्स डिटेक्टर तोवर ऐकतच नसतो. अक्सा, जुहू, दादर, कुठेही ओहोटीला जा. तिथे बुचं, खिळे, फॉइलचे तुकडे, आणि मध्येच एखादं नाणं. कोणी "माझी सोन्याची साखळी हरवली, शोधून दे" म्हणालं तर आधीच सांग की अंगठी शक्य आहे, नाजूक साखळी फार अवघड. अंगठी अखंड वर्तुळ असते, प्रवाह मस्त फिरतो. साखळीची एकेक कडी इवलीशी आणि कड्यांमधले जोड नावापुरते, शेपटी आपण ऐकण्याआधीच संपते. खणलेला खड्डा बुजव, सापडलेली बुचं-खिळे खिशात घालून कचऱ्यात टाक, अनवाणी मुलं खेळतात तिथे. पोलिसांनी हटकलं तर यंत्र बंद करून दाखव आणि जा म्हणाले तर नीघ.

राहिला किल्ल्याच्या पायथ्याचा प्रश्न. तांत्रिक उत्तर आधी: सह्याद्री बेसॉल्टचा, कोकणात वर जांभा, दोन्हींत लोहाची खनिजं. बीएफओ तिथे दगडागणिक वाजेल. पल्सवर काळ्या दगडाचा त्रास कमी, पण जांभा त्यालाही थोडी खोटी शेपटी देतो, तिथे थांबण्याची वेळ १५ ची २५ कर आणि खोली कमी झाली तरी चालवून घे.

पण मी तुला तिथे जाऊ नकोस असंच सांगेन, आणि हे मी कळकळीने सांगतोय. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. शेत तुमचं असलं तरी भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचं सोडून दे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अशा किल्ल्याच्या आसपास मातीत एखादी शिवराई पडलेली असेल तर तिची किंमत तांब्यात नाही. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणतं खापर होतं, राख होती का, यातून अभ्यासक काळ ठरवतात. आपण कुदळ मारून ती वर काढली की नाणं हातात येतं आणि ती माहिती कायमची जाते, कुठल्याही सर्किटने परत मिळत नाही. नांगरताना काही वर आलंच तर जागा लक्षात ठेव, फोटो काढ, तलाठ्याला कळव. डिटेक्टर शेतात न्यायचाच असेल तर हरवलेला फाळ, पाण्याचा जुना लोखंडी पाइप, तुटलेली कुंपणाची तार शोध. माझ्या मामांच्या शेतात मी पाइपच शोधला होता, ८० सेंटीमीटर खोल, आणि त्यांना त्याचा नाण्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

कारखान्यांत आम्ही जे वापरायचो ते तिसऱ्या जातीचं यंत्र: मधे एक पाठवणारी कॉइल, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन ऐकणाऱ्या, उलट जोडलेल्या, म्हणजे बेरीज शून्य. बिस्किटातला मिलीमीटरभराचा पोलादी कण त्या शून्याला ढळवतो. शेतात वापरायचे महागडे डिटेक्टर याच घराण्यातले, लोखंड आणि पितळ वेगळं ओळखणारे. पण ते शून्य साधायला कॉइल केसभरही हलता कामा नये. त्याचा विचार तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला कर.

आत्ता एवढंच कर: या रविवारी कॉइल वळ आणि कॉलेजच्या एलसीआर मीटरवर तिचं इंडक्टन्स मोजून वहीत लिही. ३८० ते ४५० मायक्रोहेन्रीच्या बाहेर असेल तर वेढे कमी-जास्त करून पुन्हा मोज. आकडा कळव, त्यावरून तुझा दोलकाचा कंडेन्सर आणि पल्सचा रेझिस्टर कुठून सुरू करायचा ते सांगतो.